१० लिटर की ४७? वेल्डिंगच्या गॅसचा बाटला (सिलिंडर) घेण्याआधी हा हिशेब मांडा

मागच्या महिन्यात नवी मुंबईत आमच्या रबाळ्याच्या गाळ्यावर एक मुलगा आला, आयटीआयला वेल्डर ट्रेड केलेला, दोन वर्षं दुसऱ्याकडे रेलिंगची कामं केली आणि आता स्वतःचं टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाने, जोडावर आर्गॉन सोडत वेल्डिंग करतं ते) घेऊन दिघ्याला छोटी शेड भाड्याने घेतलीय. "दादा, आर्गॉनचा बाटला कुठला घेऊ, छोटा का मोठा?" मी त्याला उलट विचारलं, तुझ्या टॉर्चमधून दिवसाला किती मिनिटं गॅस जातो? त्याला सांगता येईना. त्याची चूक नाही, कोणी शिकवतच नाही हे. आपण मशीन घेताना अँपिअर बघतो, केबल बघतो, वॉरंटी बघतो आणि बाटला मात्र दुकानदार जो पुढे करेल तो उचलतो, आणि मग पुढची पाच वर्षं दर रिफिलला त्याचे पैसे भरत बसतो. त्या दिवशी त्याला चहा पाजून जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, त्याच्यासारखे बरेच जण आहेत म्हणून.

पहिल्यांदा मापं समजून घ्या, कारण दुकानात तीन भाषा बोलतात आणि नवीन माणूस तिथेच गडबडतो. कोणी लिटर म्हणतं, कोणी क्यूब म्हणतं, कोणी किलो म्हणतं. लिटर म्हणजे बाटल्यात पाणी भरलं तर किती मावेल ते. आपल्याकडे जो उंच बाटला सगळीकडे दिसतो तो ४६.७ लिटरचा, बोलताना सगळे ४७ म्हणतात. छोटा जो खांद्यावर मारून नेतात तो १० लिटरचा. क्यूब म्हणजे घनमीटर, १ क्यूब म्हणजे १००० लिटर मोकळा गॅस. १५० बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) प्रेशरला भरलेल्या ४७ लिटरच्या बाटल्यात साधारण ७ क्यूब गॅस बसतो आणि १० लिटरवाल्यात दीड क्यूब. म्हणून मार्केटमध्ये सातवाला आणि दीडवाला असंही म्हणतात. किलोचा हिशेब सीओटूला (कार्बन डायऑक्साइड) आणि एलपीजीला, त्याच्याकडे नंतर येतो.

आता एक साधं गणित आहे ते पाठच करून टाका. बाटल्याचे लिटर गुणिले काट्यावरचं प्रेशर बरोबर आत उरलेला गॅस, लिटरमध्ये. ४७ चा बाटला, काटा १०० वर, म्हणजे ४७०० लिटर शिल्लक. १० चा बाटला, काटा १०० वर, म्हणजे फक्त १००० लिटर. काटा दोन्हीकडे सारखाच दिसतो पण गॅस पावणेपाच पट कमी-जास्त, आणि छोट्या बाटल्यावर काम करणारी पोरं इथेच फसतात, अर्धा काटा आहे म्हणजे उद्याचा दिवस निघेल असं समजून साईटवर जातात. हे गणित आर्गॉन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि मिक्स गॅसला चालतं. सीओटूला आणि ॲसिटिलीनला (गॅस कटिंगच्या ज्योतीचा गॅस) अजिबात चालत नाही.

मग मिनिटं मोजायची. टिगला स्टेनलेसच्या रेलिंग-ग्रिलच्या कामात मी मिनिटाला ८ लिटर ठेवतो, टॉर्चच्या तोंडाचा कप मोठा असेल किंवा ॲल्युमिनियम असेल तर १० पर्यंत जातो. नुसतं गणित केलं तर दीड क्यूबचा बाटला ८ लिटरने तीन तास चालायला पाहिजे. पण तीन तास तो चालत नाही आणि मग लोक म्हणतात डीलरने कमी भरून दिला. कधीकधी खरंच कमी भरलेला असतो, घेताना काटा लावून बघावाच, पण बहुतेक वेळा गॅस जातो पोस्टफ्लोमध्ये. आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ठिणगी, बंद झाल्यावर टंगस्टन आणि जोड थंड होईपर्यंत गॅस चालू राहतो ना, तो. ठोकताळा असा की दर १० अँपिअरला १ सेकंद, म्हणजे ८० अँपिअरला ८ सेकंद. लांब सरळ शिवण मारायची असेल तर ह्याने काही बिघडत नाही. पण रेलिंगचं काम म्हणजे टाकाच टाका, पाईपभोवती थोडं मारा, थांबा, फिरा, परत मारा.

माझ्या गाळ्यावर मी एकदा घड्याळ लावून बघितलं, तुम्हीही बघा. दीड इंची पाईपच्या एका जोडाला आर्क साधारण ४० सेकंद आणि चार वेळा सुरू-बंद, म्हणजे पोस्टफ्लोचे ३२ सेकंद वेगळे. एकूण ७२ सेकंद गॅस चालू, ८ लिटरने झाले साडेनऊ लिटरच्या वर. म्हणजे जवळजवळ निम्मा गॅस आर्क बंद असताना जातोय! पोस्टफ्लो कमी करून टाका असं मी म्हणत नाही, तो कमी केला की टंगस्टन काळा पडतो आणि जोडाला पण काळपट-राखाडी रंग येतो आणि मग बफिंगवाल्याच्या हातापाया पडा. फक्त हिशेबात धरा. बाटला अगदी शून्यापर्यंत ओढायचा नसतो, थोडं प्रेशर ठेवूनच परत द्यायचा नाहीतर आत हवा आणि ओल शिरते, म्हणून १० चं प्रेशर सोडून देऊ. दीडवाल्यात वापरायला मिळाले १४०० लिटर, म्हणजे साधारण १४५ जोड. सातवाल्यात साडेसहा हजार लिटर, म्हणजे ६८० जोड. आता तुमच्या एका जिन्याच्या रेलिंगला किती जोड असतात ते तुम्हीच मोजा, आठवड्याला किती जिने करता ते मोजा, झालं, उत्तर तुमच्या हातात आलं.

माझा नियम असा आहे की एक बाटला किमान एक आठवडा आणि जास्तीत जास्त दीड महिना चालला पाहिजे. आठवड्याच्या आत संपत असेल तर तुम्ही वेल्डर कमी आणि टेम्पोवाले जास्त झालात. दीड महिन्याच्या पुढे जात असेल आणि बाटला भाड्याचा असेल तर तुम्ही गॅसचं नाही, लोखंडाचं भाडं भरताय.

भाड्याचं जरा सविस्तर सांगतो कारण साईजचा निर्णय तिथेच अडकलेला असतो. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे डीलरचा बाटला, तुम्ही डिपॉझिट भरता, भरलेला नेता, रिकामा आणून देता आणि दुसरा भरलेला नेता. बाटला कधीच तुमचा होत नाही, त्याची टेस्टिंग, व्हॉल्व्ह, रंग सगळं डीलरच्या डोक्याला, पण ठरलेल्या दिवसांच्या वर ठेवला तर रोजचं भाडं चालू होतं. दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा विकत घ्यायचा, भाडं नाही, पण मग टेस्टिंग तुमच्या गळ्यात आणि भरून मिळायला थांबावं लागतं कारण तुमचाच बाटला भरून तुम्हाला परत मिळणार, एक्स्चेंज नाही. डीलरशी बोलताना नुसतं "भरायचे किती" असं विचारू नका. विचारा की एका क्यूबला काय पडतं जीएसटी धरून, भाडं कितव्या दिवसापासून लागतं, डिपॉझिट परत देताना काही कापता का, आणि गाळ्यापर्यंत पोचवायचे वेगळे का त्यातच. सगळं पावतीवर लिहून घ्या, डिपॉझिटची पावती तर लॅमिनेट करून ठेवा. क्यूबच्या भावाने बघितलं की लगेच कळतं, छोटा बाटला भरायला माणूस तोच, नळी जोडायची मेहनत तीच, वेळ जवळपास तोच, म्हणून दीड क्यूबमागे जे पैसे लागतात ते सातच्या मानाने नेहमीच चढे असतात. छोटा घेऊन बचत होते हा गैरसमज आहे. छोट्याचे पैसे तुम्ही हलकेपणासाठी मोजता, आणि हलकेपणाची गरज असेल तर ते पैसे योग्यच आहेत.

कारण वजन. ४७ चा बाटला रिकामाच पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास, त्यात ७ क्यूब आर्गॉन म्हणजे अजून साडेअकरा किलो. गाळ्यात साखळीने बांधून भिंतीला उभा केला की त्याचं वजन कोणाला लागतंय? पण आमचं निम्मं काम ठाण्यात घोडबंदरला, टॉवरमध्ये. तिथे वॉचमन विचारतो, सोसायटी पॅसेंजर लिफ्टमधून न्यायला देत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे, बंद लिफ्टमध्ये माणसांसोबत बाटला नेऊच नये, सर्व्हिस लिफ्टची वेळ ठरलेली. दहावाला (तोच दीड क्यूबचा) एक माणूस उचलून जिन्याने पण चार मजले नेऊ शकतो, सत्तेचाळीसवाल्याला दोन माणसं आणि ट्रॉली लागते आणि पायरीवर निसटला तर पाय जाईल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ज्यांचं काम गाळा आणि साईट दोन्हीकडे आहे त्यांनी डीलरचा ४७ गाळ्यात ठेवायचा आणि स्वतःचा १० चा साईटसाठी विकत घ्यायचा. मधलं काहीतरी एक घेऊन दोन्ही भागवू असं करायला जाऊ नका, गाळ्यात ते लवकर संपतं आणि जिन्यात ते जड होतं.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला सुचणार नाही पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणाऱ्याला लागतेच. आमच्या बाजूला एमआयडीसीत बऱ्याच गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी असते. आणि सोसायट्यांमध्ये ठोकाठोकी रविवारी चालत नाही. म्हणजे साईटवर शुक्रवार हा भरगच्च कामाचा दिवस आणि नेमका त्याच दिवशी गॅसवाला बंद. कासारवडवलीला एका घराची रेलिंग होती, रविवारी त्यांची वास्तुशांत, शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमचा दहावाला संपला, अजून वीस-बावीस जोड बाकी. माजिवडा, वागळे, मग कोपरी, तीन ठिकाणी फिरलो, शेवटी एका ओळखीच्या गाळेवाल्याने त्याचा भरलेला उसना दिला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, मग सोसायटीच्या हातापाया पडून रात्री आठपर्यंत परवानगी काढली. घरमालकाच्या आईने आम्हाला जेवून जायला लावलं, पण ती धाकधूक मी विसरलेलो नाही. तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी काटा बघायचा म्हणजे बघायचाच, आणि ज्या बाटल्यात पुढच्या दोन दिवसांच्या दीडपट गॅस नाही तो साईटवर न्यायचाच नाही. तुमच्या डीलरची सुट्टी कधी, तो किती लांब, शिळफाट्याच्या किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तिथे जाऊन यायला किती वेळ, हे पण साईज ठरवताना धरा. डीलर गल्लीत असेल तर छोट्याने भागतं, तुम्ही कल्याण फाट्याच्या पुढे आणि डीलर तळोज्यात असेल तर मोठा घ्या नाहीतर दोन ठेवा.

मिग (वेल्डिंगची तार मशीनमधून आपोआप पुढे येते ते) करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. साध्या लोखंडाला, गेट-शेड-ट्रसच्या कामाला बहुतेक जण सीओटू वापरतात, आणि सीओटू बाटल्यात लिक्विड असतो म्हणून तो किलोवर मिळतो. त्याच ४७ लिटरच्या मापाच्या बाटल्यात साधारण ३० किलो सीओटू भरतात आणि १ किलोचा बाहेर आल्यावर पाचशे-साडेपाचशे लिटर गॅस होतो. म्हणजे झाला जवळजवळ १६ क्यूब! मिनिटाला १२ लिटरने बावीस तास आर्क चालेल. आणि दिवसभर काम केलं तरी खरी आर्क दोन-अडीच तासाच्या वर क्वचित जाते, बाकीचा वेळ मापं घेण्यात, जुळवण्यात, घासण्यात जातो, म्हणजे एक बाटला आठ-नऊ दिवस आरामात. हाच माणूस उद्या छान बीड (वेल्डची रेघ) येतो, शिंतोडे कमी उडतात म्हणून ८०-२० मिक्स गॅसवर गेला, म्हणजे ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू, की तेवढ्याच उंचीचा, तसाच दिसणारा बाटला घरी येतो पण त्यात ७ क्यूबच्या आसपासच गॅस असतो कारण मिक्स लिक्विड नसतो, दाबलेला गॅस असतो. निम्म्याहून कमी. भावही जास्त. बदलण्याआधी हे माहीत असू द्या. मिक्स चांगलाच आहे, पातळ पत्र्याला आणि दिसणाऱ्या कामाला मी तोच वापरतो, पण मिक्सला छोटा बाटला घेणं म्हणजे जवळपास रोज रिफिल.

सीओटूचा काटा बघून किती उरला ते कळत नाही. आत थेंबभर लिक्विड असेपर्यंत प्रेशर तेवढंच राहतं, ते फक्त हवामानाप्रमाणे वरखाली होतं, आपल्याकडच्या मे महिन्यात ७० च्या वर दिसेल, पावसाळ्यात त्याहून कमी. काटा खाली यायला लागला की समजायचं लिक्विड संपलं, आता शेपूट उरलंय. खरं मोजायचं तर वजन करा. बाटल्याच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, वजनकाट्यावर उभा करा, वजा करा, उरले ते किलो. घेताना डीलरकडेच वजन करून घ्या, लाजू नका.

आणि छोटा सीओटू बाटला घेणाऱ्यांना एक धोक्याची सूचना, धोका माणसाला नाही, जोडाला. लिक्विडचा गॅस होताना तो उष्णता खेचतो, बाटला गार पडतो, रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि गॅस मध्येच कमी होतो आणि वेल्डमध्ये भोकं. मोठ्या बाटल्याला अंग जास्त म्हणून तो बाहेरच्या हवेची ऊब पटकन घेतो, छोटा नाही घेऊ शकत. सतत मारायचं असेल तर हीटरवाला रेग्युलेटर लावा, बऱ्याच मिग मशीनला मागे हीटरचं सॉकेट असतंच, ते रिकामं का आहे ते आज जाऊन बघा. रेग्युलेटरवर गरम पाणी किंवा टॉर्च मारणारे मी बघितलेत, कृपा करून नका मारू.

अजून एक, वारा. खाडीकडून वारा सुटला की पोरं फ्लो वाढवत जातात, १५ वरून २०, २० वरून २५, आणि बाटला अर्ध्या वेळात संपतो. जास्त फ्लोने गॅस भोवऱ्यासारखा फिरून उलट हवा आत ओढतो, जोड खराबच होतो. पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करा, पंखा दुसरीकडे वळवा. मोठा बाटला घेऊन वाऱ्याशी लढता येत नाही.

गॅस कटिंगवाल्यांनी ऑक्सिजनच्या बाबतीत छोट्याचा विचारच करू नये. १२ एमएमची प्लेट कापताना ऑक्सिजन तासाला अडीच क्यूबच्या आसपास जातो, म्हणजे ७ क्यूबचा बाटला सतत कापलं तर तीन तासही पुरत नाही आणि दीडवाला अर्ध्या-पाऊण तासात रिकामा. छोटा ऑक्सिजन एसीवाल्यांसाठी, तांब्याच्या नळ्या ब्रेझ करायला, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडायला, तिथे दीड क्यूब भरपूर झाला, छोटी ज्योत असते. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून प्लेट आणून कापणारे जे आहेत त्यांनी दोन-दोन सातवाले ठेवावे, एक चालू एक तयार.

ह्या कामात बरेच जण ॲसिटिलीन सोडून एलपीजीवर आलेत, स्वस्त पडतो आणि सहज मिळतो. चांगलंय, पण एलपीजीला ज्योतीसाठी ऑक्सिजन जास्त लागतो, ॲसिटिलीनच्या ज्योतीला ऑक्सिजन जवळपास बरोबरीने तर एलपीजीला चौपट, म्हणून एलपीजीवर आलात की ऑक्सिजनचा बाटला लवकर बदलावा लागणार हे धरून चला. आणि एलपीजीने कटिंग होतं, गरम करणं होतं, ब्रेझिंग होतं, पण लोखंडाचं गॅस वेल्डिंग होत नाही. कमर्शियलचा १९ किलोचा घ्या, घरचा १४.२ किलोचा गाळ्यात वापरणं बेकायदेशीर आहे, सगळे करतात म्हणून तुम्ही करू नका.

ॲसिटिलीनच वापरणार असाल तर साईजचा नियम सगळ्यात कडक इथे आहे, पैशासाठी नाही, सुरक्षेसाठी. ह्या बाटल्यात सच्छिद्र भरणा असतो, त्यात ॲसिटोन आणि ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला. म्हणून तो हळूहळूच बाहेर येऊ शकतो. तासाला एकूण गॅसच्या सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओढायचा नाही, आणि सतत काम असेल तर मी म्हणेन दहावा हिस्साच धरा. जास्त ओढलं की गॅससोबत ॲसिटोन बाहेर येतो, ज्योत बदलते, नळ्या आणि सील खराब, बाटला आतून धोकादायक. लोखंडाच्या प्रत्येक एमएमला तासाला साधारण १०० लिटर ॲसिटिलीन लागतो, म्हणजे ३ एमएमला ३०० लिटर. १ क्यूबचा छोटा बाटला घेतला तर त्याचा सातवा हिस्सा होतो १४० लिटर. नाही पुरत. ६ क्यूबच्या मोठ्या बाटल्यातून दहावा हिस्सा म्हणजे ६०० लिटर, आरामात. बाटला आडवा घालून कधीच वापरायचा नाही, आणि कोणी तांब्याची नळी किंवा तांब्याचा जॉइंट सुचवला तर साफ नाही म्हणा, तांबं आणि ॲसिटिलीन मिळून स्फोट होणारा पदार्थ तयार होतो.

आता विकत घेताना काय बघायचं. बाटल्याच्या खांद्यावर जे ठोकलेले आकडे-अक्षरं असतात तोच त्याचा आधार कार्ड. नंबर, पाण्याचे लिटर, रिकामं वजन, वर्किंग प्रेशर, टेस्ट प्रेशर आणि टेस्टची तारीख. १५० च्या बाटल्याला टेस्ट प्रेशर २५० असतं. आपल्याकडे गॅस सिलिंडर रूल्स २०१६ लागू आहेत आणि ते बघणारं खातं म्हणजे पेसो (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन), मुख्यालय नागपूरला. पेसोची मान्यता नसलेला बाटला कुठलाही लायसन्सवाला भरून देणार नाही, म्हणून ऑनलाईन बाहेरच्या देशातून सुंदर हलका बाटला स्वस्तात मिळतोय म्हणून मागवू नका. ह्या बाटल्यांना दर ५ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते. टेस्टची तारीख उलटली की भरून मिळत नाही, टेस्टला साडेचार वर्षं झालेला जुना बाटला म्हणजे सहा महिन्यांत तुमच्यावर खर्च.

मी स्वतः सुरुवातीला एकाकडून वापरलेला ४७ चा आर्गॉनचा घेतला होता, भाव चांगला, रंग नवा कोरा, निळा चकचकीत. पहिल्या रिफिललाच भरणाऱ्याने रंग खरवडला आणि खाली दुसऱ्याच गॅस कंपनीचं नाव निघालं. म्हणजे तो बाटला विकणाऱ्याचा नव्हताच, कोणाचा तरी डिपॉझिटवरचा परत न दिलेला. मला तो सोडून द्यावा लागला आणि पैसे गेले, विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हा माझ्या हातात भांडवल एवढंसं होतं, दोन महिने ती रक्कम भरून काढण्यात गेली. म्हणून सांगतो, वापरलेला घेत असाल तर रंगावर जाऊ नका, खांद्यावरची अक्षरं बोटांनी चाचपून वाचा, कंपनीचं नाव ठोकलेलं असेल तर हात लावू नका, बिल आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर बाटल्यावरच्या नंबरशी जुळवा, आणि पैसे देण्याआधी ज्याच्याकडे भरणार आहात त्याला दाखवा.

मोठ्यातून छोट्यात स्वतः भरायचा जुगाड पण कोणीतरी सुचवेल, मोठा भाड्याचा आणायचा आणि नळी लावून दहावाले भरायचे. हे लायसन्सशिवाय करता येत नाही आणि ऑक्सिजनला तर जीवावर बेतू शकतं, नळीत किंवा जॉइंटला तेलाचा-ग्रीसचा डाग जरी असला तरी पेट घेतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचाच नाही.

नेण्या-आणण्याचं. छोटा घ्यायचं कारण म्हणून लोक सांगतात की स्कूटरवर पायाशी बसतो. बसतो, पण नियमानुसार भरलेला बाटला सायकलवर किंवा दुचाकीवर न्यायला बंदी आहे, आणि लोकलमध्ये तर नाहीच नाही. छोटा हत्ती किंवा तीनचाकी टेम्पो करा, बाटला बांधा, व्हॉल्व्हवर टोपी चढवा, रेग्युलेटर काढून वेगळा ठेवा. व्हॉल्व्ह तुटला तर १५० च्या प्रेशरने तो बाटला भिंत फोडून जातो. त्यामुळे दुचाकीच्या हिशेबाने साईज ठरवू नका, टेम्पोच्या हिशेबाने ठरवा, आणि टेम्पो करायचाच आहे तर एका फेरीत मोठा आणलेला परवडतो.

जागा पण बघा. दिघ्याच्या त्या मुलाची शेड दहा बाय बारा, पत्र्याचं छप्पर, एकच दरवाजा. उन्हात पत्र्याखाली बाटला तापतो, १५० ला भरलेला १६५ पर्यंत चढू शकतो, म्हणून सावलीचा कोपरा. आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, वास नाही, गळती झाली तर खाली साचतात आणि माणसाला कळायच्या आत गुदमरतो, म्हणून खाली हवा खेळती पाहिजे आणि रात्री शेडमध्ये कोणी झोपत असेल तर व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय, खरं तर बाटला बाहेर काढल्याशिवाय, झोपू नका. आमच्याकडे गाळ्यात झोपणारी पोरं खूप आहेत, म्हणून हे परत परत सांगतो. जुलैमध्ये पाणी भरतं तिथे बाटला ओट्यावर उभा करा, बूड गंजलं की टेस्टला नापास.

त्या मुलाचा हिशेब आम्ही वहीवर मांडला. आठवड्याला साधारण १८० जोड, त्यातले १२० शेडमध्ये आणि ६० साईटवर. शेडमधल्या १२० ला लागतात साडेअकराशे लिटर, म्हणजे सातवाला साडेपाच आठवडे. डीलरचं भाडं कधीपासून लागतं ते विचारलं तर महिन्यानंतर, म्हणजे काठावर, पण साईटचं काम वाढलं तर शेडमध्येही जोड वाढतीलच. साईटच्या ६० ला सहाशेच्या आत, म्हणजे दहावाला दोन आठवडे. त्याने डिपॉझिटवर सातवाला घेतला आणि दहावाला नवीन, बिलासकट, ताज्या टेस्टचा.

बाटला आला की पहिलं काम, रेग्युलेटर लावायच्या आधी बाजूला उभं राहून व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करायचा म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते, हे ॲसिटिलीनला करायचं नाही. मग रेग्युलेटर आवळा, ऑक्सिजन-आर्गॉनचा आटा उजवा आणि ॲसिटिलीनचा उलटा, बसत नसेल तर जोर लावू नका, टेफ्लॉन गुंडाळू नका. व्हॉल्व्ह हळू उघडा, जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का बघा. मग व्हॉल्व्ह बंद करून काटा बघून ठेवा आणि दहा मिनिटांनी परत बघा. काटा पडला असेल तर कुठेतरी गळतंय, तो बाटला कितीही मोठा घेतलात तरी सोमवारी सकाळी रिकामाच सापडेल, आधी वॉशर बदला.